पाच दिवसांत माथा

“डॉक्टर, तुम्ही माझ्या मागे चालायचं,” वहिनींनी तिसऱ्यांदा सांगितलं.

दंतवैद्य थांबला. त्याला अजिबात धाप लागली नव्हती आणि ते सगळ्यांनी बघावं असं त्याला वाटत होतं. “सोमवारी सकाळी दहाला माझा पहिला पेशंट आहे, वहिनी. माझ्या पायांनाही ते ठाऊक आहे.”

“पाय हुशार आहेत तुमचे. पण इथली हवा डोक्याला उशिरा कळते.”

गटातल्या सहा जणांपैकी त्या कुणाच्याच वहिनी नव्हत्या. दुसरा गाईड त्यांचा दीर होता, तो ‘वहिनी’ म्हणायचा, म्हणून दुसऱ्या दिवसापासून सगळेच म्हणू लागले. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला मोजक्या. एकोणीस वर्षं त्या याच वाटेवर माणसं आणत होत्या.

माथ्याची नेहमीची चढाई नऊ दिवसांची. ज्यांना तेवढी सवड नाही त्यांच्यासाठी ही पाच दिवसांची. निम्मी वाट जीपने, पुढे तीन मुक्काम, चौथ्या दिवशी माथा. दंतवैद्य दवाखाना बंद ठेवून आला होता आणि भूगोल शिकवणाऱ्या मेहुण्यालाही ओढून घेऊन आला होता.

दोन दिवसांत दंतवैद्याचा नूर बदलला. वहिनी नुसते बूट बघून कोण दमलंय ते सांगायच्या. तंबूबाहेर उभ्या राहून आतल्याचा श्वास ऐकायच्या. कुठला दगड हलतो, कुठल्या ओढ्याला दुपारी पाणी वाढतं, सगळं तोंडपाठ. तो मेहुण्याला म्हणाला, “पंचवीस वर्षं दात बघतोय मी, पण पेशंटकडे असं कधी बघितलं नाही.”

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना माथ्याची वाट समजावली. “शेवटचा चढ डावीकडून घ्यायचा. वर पोचलात की पूर्वेच्या कडेला जायचं नाही, तिथला बर्फ पोकळ असतो. दहा मिनिटं थांबायचं, फोटो काढायचे आणि उतरायचं.”

मग नेहमीचा प्रश्न. जेवणानंतर प्रत्येकाला त्या एकच गोष्ट विचारत. “घरातून निघताना कुलूप कुणी लावलं?”

“बायकोनं,” दंतवैद्य हसून म्हणाला. “तीनदा ओढून बघितलं.”

आदल्या रात्रीपासून त्याचं डोकं ठणकत होतं. त्यानं दोन गोळ्या घेतल्या आणि कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी उजाडताना ते निघाले. तीन तासांनी एक मोठं वळण आलं आणि माथा समोर दिसला. जेमतेम तासाभराची वाट उरली होती. वहिनींनी सगळ्यांना थांबवलं आणि दंतवैद्याकडे वळल्या.

“डॉक्टर, कुलूप कुणी लावलं?”

तो हसला. मग विचार करू लागला. “कुलूप... ते खालच्या...” बोलता बोलता त्यानं पाऊल टाकलं, ते गादीवर पडावं तसं तिरकं पडलं.

“डोकं कधीपासून दुखतंय?”

“कुणाचं?” त्यानं विचारलं.

वहिनींनी पाठीवरची पिशवी उतरवली. “भावजी, तुम्ही पाच जणांना घेऊन व्हा पुढे. मी यांना खाली नेते.”

दिरानं मान हलवली आणि दोराचं एक वेटोळं त्यांच्या हातात दिलं. मेहुणा म्हणाला, “मी येतो बरोबर.”

“तुम्ही आलात तर मला दोघांना सांभाळावं लागेल. जा तुम्ही.”

त्यांनी दंतवैद्याच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला, कमरेला दोर बांधला. तो चिडला. पुन्हा पाच दिवस त्याला दहा वर्षांत मिळणार नव्हते, हे त्यानं दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा “हो” म्हटलं आणि गाठ आवळली.

उतार उभा होता. तो पुढे, वहिनी मागे दोर ताणून. त्याला बसायचं होतं, त्या बसू देत नव्हत्या. उलटी झाली तेव्हा पाठ धरली आणि लगेच उठवलं. एकदा तो घसरला तर दोर त्यांच्या तळव्यातून सरकला आणि हातमोजा फाटला, पण माणूस जागच्या जागी थांबला.

“तुमच्या तोंडात दात किती?” मागून आवाज आला.

“कशाला?”

“मोजा. मोठ्यानं. उजवीकडून.”

तो चुकत होता, पुन्हा सुरू करत होता. खालच्या झाडांची रेघ दिसू लागली तेव्हा कुठे हिशेब जुळला. “अठ्ठावीस,” तो म्हणाला. “अक्कलदाढा काढल्यात.”

“ते कळलंच मला,” वहिनी म्हणाल्या आणि पहिल्यांदा त्यांनी दोर सैल सोडला.

दुपारी खालच्या तळावर तो चहाचा कप धरून बसला होता. बायकोनं कुलूप तीनदा ओढलेलं आता लख्ख आठवत होतं. वहिनी फाटका हातमोजा शिवत होत्या.

“मी जगलो तो तुमच्यामुळे,” तो म्हणाला. “आणि माझ्यामुळे तुमचा आजचा माथा हुकला.”

“तुमचं काही मनावर घेऊ नका. या पाच दिवसांच्या वाटेवर दर खेपेला कुणाचं ना कुणाचं डोकं फिरतंच. एवढी घाई शरीराला मानवत नाही. आणि आजारी माणूस जुन्या गाईडनंच उतरवायचा, असा आमचा नियम आहे.”

चारच्या सुमारास बाकीचे उतरून आले. मेहुण्यानं आधी दंतवैद्याला मिठी मारली, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तो ठीक असल्याची खात्री पटल्यावर त्यानं मोबाइल काढला. माथ्यावरचे फोटो एकेक करून पुढे सरकू लागले. एका फोटोत डोंगराच्या पलीकडे, खोल खाली, निळंशार काहीतरी पसरलेलं होतं.

“वहिनी, या तळ्याचं पाणी कुठल्या नदीला मिळतं?” त्यानं विचारलं. “मुलांना शिकवायला उपयोगी पडेल.”

वहिनींनी सुई बाजूला ठेवली, हात पुसले आणि मोबाइल घेतला. बराच वेळ त्या फोटो बघत राहिल्या. दोन बोटांनी मोठा केला, परत लहान केला.

“मला नाही सांगता यायचं,” त्या म्हणाल्या. “मी अजून वर गेलेले नाही.”