गोळीखालचं यान

यान पुन्हा सरकलं होतं. काल तीन घरं उजवीकडे, आज तीन घरं डावीकडे. धाकटीने खांद्यावरची पिशवी खालीही न ठेवता हॉलमधल्या चित्राकडे पाहिलं आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं तर कालपासून ती पाल गप्प बसलीच नव्हती.

चित्र म्हणजे भिंतीला टेकवलेला माणसाच्या उंचीचा पत्रा. त्यावर आडव्या-उभ्या रेघांनी घरं आखून, रंगवलेले लाकडी चौकोन लावून तिने जुन्या व्हिडिओ गेमचा पडदा उभा केला होता. वर परग्रहावरच्या किड्यांच्या पाच रांगा, खाली एकटं निळं यान, आणि किड्यांनी सोडलेली, बरोबर यानाच्या डोक्यावर येऊन ठेपलेली पिवळी गोळी. दातांच्या डॉक्टरीणबाईंना ते वेटिंग रूममध्ये लावायचं होतं. धाकटीचं हे पहिलंच मोठं काम. शनिवारी माणसं चित्र न्यायला येणार होती, आणि पसंत पडलं तर बाईंच्या दुसऱ्या दवाखान्याच्या भिंतीही तिलाच मिळणार होत्या. सगळं मनासारखं जमेपर्यंत काहीच चिकटवायचं नाही, म्हणून तुकड्यांच्या मागे चुंबकं होती. त्यामुळे कुणीही यावं आणि सरकवावं.

पण कुणीही म्हणजे कोण? ती सकाळी शाळेत चित्रकला शिकवायला जायची, नवरा आणि दीर आपापल्या कामावर. घरात उरायची दोनच माणसं. त्यातल्या सासऱ्यांना अर्धांगवायू होऊन पाच महिने झाले होते. वाचा गेली होती, उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज त्या हातात रबरी चेंडू द्यायच्या आणि रोज तो गडगडत कपाटाखाली जायचा. म्हणजे राहिली थोरली जाऊ. आतल्या खोलीत दिवसभर शिलाई मशीन चालवणारी, आणि रंगाच्या वासाने गिऱ्हाइकांचे कपडे घाण मारतात म्हणून आठवडाभर नाक मुरडणारी.

"ताई, सकाळी चित्राला कुणी हात लावला?"

"तुझ्या त्या झुरळांना हात लावायला मला वेळ आहे का?" थोरली मशीन न थांबवता म्हणाली. "बाबांनी तर या दोघा भावांना लहानपणी असल्या खेळाच्या दुकानातून कान धरून बाहेर काढलेलं. आता बिचारे सकाळ-संध्याकाळ तेच बघत बसतात. काय एकेकाचं नशीब!"

बोलताना थोरली हसली. साधंच हसू होतं, पण धाकटीला ते खोचक वाटलं. संशय एकदा डोक्यात शिरला की समोरच्याचं खोकणंही मुद्दाम वाटतं. त्याच संध्याकाळी तिने यान परत गोळीखाली नेलं, मागे जाड गोंद लावला आणि तळहाताने गच्च दाबून धरलं.

"आता हलव म्हणावं," ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी यान जागच्या जागी होतं. पण त्याची एक बाजू पार खरवडून निघाली होती. निळा रंग सोलून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं, आणि त्यावर ओरखडेच ओरखडे. शनिवार उद्यावर आला होता.

धाकटी तशीच आत गेली आणि तिने शिवण घालणाऱ्या जावेचं मनगट धरलं.

"हात दाखवा, ताई."

"अगं, सुई चालू आहे—"

"दाखवा म्हणते ना!"

मशीन थांबलं. थोरलीने दुसराही हात पुढे केला. बोटांना खडूची भुकटी होती, सुया टोचल्याच्या जुन्या खुणा होत्या. नखं स्वच्छ होती. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण धरलेलं मनगट सोडायचंही तिला सुचेना.

"झालं समाधान?" थोरलीने मनगट सोडवून घेतलं. "चल आता, बघू तरी दे मी काय केलंय ते."

दोघी हॉलमध्ये आल्या. थोरली दारातच थांबली.

"मी तर बाबांना खिडकीपाशी बसवलं होतं."

चाकांची खुर्ची चित्राला जवळजवळ टेकली होती. सासरे मान खाली घालून बसले होते, चोरी पकडली गेल्यासारखे, डावा हात अजून चाकावर. मांडीवरच्या हाताच्या दोन नखांत निळा रंग भरला होता. तिसरं नख मुळाशी तुटून रक्त सुकलं होतं. हात उजवा होता.

धाकटी यानाकडे बघत राहिली. ते कुणी बिघडवलं नव्हतं. दर वेळी कुणीतरी ते गोळीखालून बाहेर काढत होतं, आणि दर वेळी तिने ते परत गोळीखाली नेऊन ठेवलं होतं. शेवटी तर पक्कं चिकटवून टाकलं होतं. तिला रडू फुटलं.

"ताई, मी तुमच्यावर..."

"आधी ते सोडव," थोरली म्हणाली. "माझ्याशी मागून भांड."

धाकटीने रंगाआधी लांबी भरायची पातळ लोखंडी पट्टी यानाखाली घातली आणि जोर लावला. लाकूड कडकन चिरलं. यानाचा एक पंख पत्र्यालाच चिकटून राहिला, उरलेलं तिच्या हातात आलं. उद्या डॉक्टरीणबाईंना काय तोंड दाखवायचं, हा विचार येऊन गेला आणि तिने तो जाऊ दिला. उरलेल्या यानाला तिने नवं चुंबक लावलं, ते गोळीखाली ठेवलं, आणि किड्यांची सगळ्यात खालची रांग एकेक करत आणखी एक घर खाली आणली.

"आता तुमची खेळी, बाबा," म्हणत ती बाजूला झाली. दोन्ही जावा भिंतीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने मागे पत्र्यावर टक् असा आवाज झाला.