कोबाल्ट कमी केलेले मिश्रण

आमच्या कारखान्यात टंगस्टन कार्बाइडच्या भुकटीत कोबाल्ट मिसळून, साच्यात दाबून व भट्टीत भाजून लेथ यंत्रावर धातू कापणारी पाती तयार केली जातात. कोबाल्ट हा त्या कठीण कणांना एकत्र धरून ठेवणारा धातू होय. तो थोडा कमी केल्यास पाते अधिक कठीण होऊन कमी झिजेल, असे मी मालकांना, म्हणजे माझ्या भावोजींना, विनयपूर्वक सुचविले. मात्र असे पाते घाव बसताच काचेप्रमाणे फुटते, हेही सांगण्यास मी तोंड उघडणार, तोच ते सर्व कामगारांदेखत गरजले, "बायकोचा भाऊ म्हणून भट्टीपाशी उभं राहू दिलं, तर आता मलाच शिकवायला लागलास?"

पुढे त्यांनी गुपचूप तेच मिश्रण करविले. पाती दुप्पट टिकली. ग्राहकांच्या मेळाव्यात छाती फुगवून ते म्हणाले, "ही अक्कल माझी. कुणाच्या बापानं शिकवलेली नाही!" माझे वडील, म्हणजे त्यांचेच सासरे, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

तेवढ्यात एका खाणमालकाने उठून विचारले, "आमच्या खडक फोडायच्या टोकांवर दिवसभर घाव बसतात. त्यांना हे मिश्रण चालेल का हो?"

"चालेल काय, पळेल! एक जरी टोक फुटलं, तर सगळा माल फुकट बदलून देईन," असे म्हणून भावोजींनी ओझरते माझ्याकडे पाहिले.



सर्वांत आधी टाळ्या मी वाजविल्या.