नऊ खडे

मेहरबीने अंगणातले खडे वेचून जब्बारच्या हातावर ठेवले. त्याने ते एकेक करून सदऱ्याच्या खिशात टाकले. नऊ झाले.

"आज नऊच?" तिने विचारले. जब्बारने तिच्या ओठांकडे पाहिले आणि मान डोलावली.

जब्बार खदानीवर सुरुंग उडवायचा. बावीस वर्षांत त्याचा हा नेम कधी मोडला नव्हता. जितकी भोकं दारूने भरायची तितके खडे खिशात. एक बार झाला की एक खडा खाली टाकायचा. खिसा रिकामा झाला की लांब शिट्टी मारायची आणि माणसं कामावर सोडायची. एकही खडा उरला तर दगडात कुठंतरी जिवंत दारू आहे, मग खदानीत पाऊल टाकायचं नाही. मुनीम वहीत काय वाटेल ते लिहो, माणसांचा भरवसा होता तो जब्बारच्या खिशावर.

अडचण एकच होती आणि ती नवरा-बायको सोडून कोणाला ठाऊक नव्हती. बार ऐकून ऐकून जब्बारचे दोन्ही कान गेले होते. हे मुनिमाला कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि वाशीमला नर्सिंग शिकणारी मुलगी इकरा वर्षाच्या मधेच परत आली असती. जब्बारने त्यावर उपाय काढला होता. वाती पेटवून तो चालत आपल्या घरापाशी येई. रस्ता अडवायची जागाही तीच होती. तिथे दाराशेजारच्या भिंतीवर तळहात टेकून तो उभा राही. दर बाराला भिंत हाताला दणका देई. माणूस खोटं बोलेल, भिंत नाही बोलणार, असं तो मेहरबीला हसून सांगे.

भिंतीला दणका बसणारच, कारण खदान आता घरापासून दोनशे पावलांवर आली होती. जब्बारचं लग्न झालं तेव्हा ती टेकडीच्या पार पलीकडे होती. काळा दगड फुटत गेला, गिट्टी होऊन किन्हीराजा गावाच्या वाटेने मोठ्या रस्त्याला गेली, आणि टेकडी खात खात खदान गावाला येऊन भिडली. एकेका बाराने जब्बारनेच ती घरापर्यंत आणली, असं म्हटलं तरी चालेल. तुरीच्या पानांवर पांढरी भुकटी बसे. हिरवा पाला ओळखू येत नसे. विहीर पौषातच आटे. शेजारचा पुंजाजी याच खदानीत छिन्नी मारता मारता खोकून मेला. जब्बारच्या मागच्या भिंतीला चीर गेली होती आणि मेहरबी तिच्यात चिंध्या कोंबत होती. दिवाळीत एक चिंधी पुरली होती. आता अख्खी जुनी चादर लागली.

पुंजाजीचा मुलगा प्रसेनजित त्याच खदानीवर पोकलेन चालवत होता. जब्बार शेवटचं भोक भरत होता तेव्हा तो समोर येऊन उभा राहिला.

"चाचा, राग मानू नका. कालपासून दोनदा मांगून हाक मारली, तुमी पाह्यलं नाही."

"दारू भरताना मी कोणाचं ऐकत नाही," जब्बार म्हणाला.

"मोजनी बराबर राह्यते ना?"

"तुह्या बापाले बारा वर्सं मीच शिट्टी देल्ली. एक दिस तरी चुकलो काय?"

प्रसेनजित ओशाळला. "तसं नाही, चाचा. तुमची शिट्टी झाली म्हंजे आमाले दुसरं काही पाह्याचं नाही."

जब्बारला ते बोलणं आवडलं आणि लागलंही.

दुपारी एक वाजता सगळे वर निघून गेले. बाराच्या वेळी मेहरबीही घरात थांबत नसे. बकऱ्या सोडून ती मागच्या निंबाखाली पुंजाजीच्या बायकोजवळ, लिलाबाईजवळ जाऊन उभी राही. जब्बारने वाती पेटवल्या, लाल फडकं घेऊन घर गाठलं, एक मोटारसायकल अडवली आणि भिंतीवर हात टेकला.

पहिला दणका बसला. त्याने खडा टाकला. दुसरा, तिसरा, चौथा. धुळीचा लोट घरावरून गेला आणि हातभरावरचं दिसेना. पाचवा, सहावा, सातवा. आठवा जरा दबका आणि लांबलेला लागला, खोल गेलेल्या भोकाचा असावा. मग बराच वेळ काही नाही. खिशातला शेवटचा खडा त्याने बोटांत इतका घट्ट धरला की तो रुतला.

नववा बसला.

त्याने खिसा उलटा करून पाहिला आणि अल्लाचे आभार मानले. तसाच तो खदानीच्या काठावर गेला. खाली दगडांचा ढीगच ढीग होता. जब्बारने लांब शिट्टी मारली. प्रसेनजितने हात वर केला आणि पोकलेनवर चढला.

मग जब्बार जेवायला घरी आला. आत पाऊल टाकलं तर चुलीपाशी ऊन पडलेलं होतं. मागची भिंत नव्हती. विटामातीच्या ढिगाऱ्यात मेहरबी भांडी शोधत होती.

"किती हाका मारल्या तुमाले," ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली.

"कवा पडली?"

"बार चालू होते तवाच. सात झाले, मंग भित पडली, मंग आठवा झाला. एक राह्यला म्हणून मी अन् लिलाबाई तिकडंच उभ्या होतो. मंग तुमची शिट्टी झाली. मले वाटलं, माह्याच मोजन्यात चूक झाली असन."

जब्बारचा हात आपोआप दाराशेजारच्या भिंतीवर गेला. पोकलेनची थरथर हाताला लागत होती. शिट्टी तोंडात धरून तो बाहेर वळला, तेवढ्यात भिंतीने हाताला दणका दिला.

तो नववा होता.