गव्हर्नरच्या पुठ्ठ्यावरचा नंबर

"चक्रीवादळ गरीब-श्रीमंत बघत नाही," टेलेस्फोर म्हणाला. तो हे दर वादळाला म्हणत असे, आणि म्हणताना टोपी काढत असे. आज टोपी परत डोक्यावर जायच्या आतच त्याला दिसलं, की वादळ बघत नसलं तरी फाटक बघतं. फाटकाला साखळी होती, साखळीला कुलूप होतं, आणि पलीकडे व्हिटलोसाहेब गाडीत सामान भरत होते.

टेलेस्फोरच्या मागे रस्त्यावर त्याची सगळी दौलत उभी होती: बिझू घोडी, एक बहिरं खेचर, गाई-वासरं आणि सगळ्यांच्या पुढे गव्हर्नर नावाचा वशिंडवाला वळू. समुद्राकडून वारा सुटला होता. संध्याकाळपर्यंत रस्ता पाण्याखाली जाणार होता, गोठे त्याच्याही आधी. अशा वेळी जनावरं गोठ्यात कोंडणं म्हणजे हाताने बुडवणं, हे लुइझियानाच्या त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही कळत होतं. दावी सोडायची आणि सगळ्यांना ओकच्या झाडांच्या टेकाडावर घालायचं. साऱ्या दलदलीत उंच जागा तेवढीच. टेकाड कुणाचंही असो, वारा सुटला की मालकाने साखळी काढायची, अशी रीत. टेलेस्फोरचा बाप आणि टेकाडाचा जुना मालक एका कुंपणावरून जन्मभर एकमेकांशी बोलले नाहीत. पण प्रत्येक वादळात बापाच्या गाई त्याच मालकाच्या ओकखाली उभ्या राहिल्या, आणि वादळ सरल्यावर दोघं पुन्हा न बोलायला मोकळे झाले.

व्हिटलोसाहेबांनी टेकाड गेल्या वर्षी विकत घेतलं होतं. साहेब ह्यूस्टनचे. त्यांचे शर्यतीचे घोडे कालच थंड हवेच्या ट्रकमधून उत्तरेला गेले होते. गाडीच्या काचेवर 'आपला किनारा, आपलं कुटुंब' असं चिकटवलेलं होतं. टेलेस्फोरने हाक मारली, तेव्हा त्यांनी फाटकावरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. खासगी जागा, आत येण्यापूर्वी या नंबरवर फोन करून परवानगी घ्यावी. टेलेस्फोरने मुकाट्याने फोन लावला. चार हातांवर साहेबांच्या खिशात तो वाजला. साहेबांनी फोन काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला. अनोळखी नंबर ते घेत नसत.

मग फाटकापाशी येऊन त्यांनी अगदी मायेने समजावलं. त्यांना फार वाईट वाटत होतं. पण हिरवळ नुकतीच अंथरली होती. शिवाय विम्यात परक्या खुरांची सोय नव्हती. आज एकाला आत घेतलं तर उद्या सगळे येतील.

"सगळे येतातच, साहेब," टेलेस्फोर म्हणाला. "म्हणून तर जगतात." त्याचं डोकं भडकलं होतं. त्याने पुन्हा टोपी काढली, आणि बापापासून सुरुवात केली.

"टेलेस्फोर, तू घोडी धर," त्याची बायको ओडाली म्हणाली. "भाषण काय वाहून जात नाही."

तिच्या हातात नारिंगी रंगाचा फवाऱ्याचा डबा होता. जनावरं सोडण्याआधी त्यांच्या मागच्या पुठ्ठ्यावर, शेपटीशेजारी, फोन नंबर घालायचा, म्हणजे वादळानंतर जिथे सापडतील तिथून कुणीतरी कळवतो. हे काम पूर्वी टेलेस्फोरकडे असे. गेल्या वादळात त्याने ऐटीत घरचा नंबर घातला. लोकांनी इमानाने फोन केले. फोन घराबरोबर शेजारच्या भातशेतात जाऊन पडला होता. तेव्हापासून डबा ओडालीकडे.

तिने डबा खळाखळा हलवला. मान वर करून बघायची, रंगवायची. परत बघायची, रंगवायची. टेलेस्फोरला आणखीच राग आला. इथे नवऱ्याची इभ्रत चालली आहे आणि ही बाई शाळेतल्यासारखी फळ्यावरून उतरवून घेते आहे. मग त्याने बिझूच्या पुठ्ठ्यावरचे आकडे वाचले. त्याने तोंड मिटलं आणि टोपी घातली.

गव्हर्नरचा पुठ्ठा एवढा ऐसपैस, की त्याच्यावर नंबर मोठ्या आकड्यांत मावला.

व्हिटलोसाहेबांनी मान वाकडी करून तो वाचला.

"हा माझा नंबर आहे."

"हो. फळ्यावर आहे तोच," ओडाली म्हणाली.

"पण ही गुरं माझी नाहीत."

"ते फोन करणाऱ्याला सांगा."

टेलेस्फोरने मग हलक्या आवाजात सगळी माहिती पुरवली. गेल्या वेळी एक गाय चर्चच्या जिन्यात सापडली. वर गेली होती ती खाली उतरेना. वैरण, ट्रकचं भाडं, मोडलेली कुंपणं, सगळं लोक नंबरवाल्याकडे मागतात. साहेब शेरीफला कळवीन म्हणाले. जरूर कळवा, टेलेस्फोर म्हणाला, तोही याच नंबरवर फोन करतो.

साहेबांनी आभाळाकडे बघितलं, हिरवळीकडे बघितलं, शेवटी गव्हर्नरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं. मग खिशातून किल्ली काढली.

साखळी खाली पडली. गव्हर्नर सर्वांत आधी शिरला. नव्या हिरवळीच्या मधोमध थांबून त्याने शेपटी उचलली, घरापासून धरून आणलेलं सगळं तिथे निवांत मोकळं केलं, आणि ओकच्या झाडांकडे चालू लागला. त्याच्यामागून घोडी, खेचर, गाई. शेवटचं वासरू टेलेस्फोरने ढकलून आत घातलं.

"आता ते नंबर पुसा," व्हिटलोसाहेब म्हणाले.

ओडालीने डब्याला टोपण लावलं.

"पुसला जात नाही हो हा रंग. वसंतात जुने केस गळतील, तेव्हा जाईल," ती म्हणाली. "टेकाडावरूनही एखादं सटकतंच. तोवर तेवढे अनोळखी नंबर घेत चला, साहेब."