तीन ते चार तास

"नाव लिहू नका. काल रात्री किती तास झोपलात, एवढंच लिहा," असं सांगून मॅडमनी अकरावीच्या वर्गातल्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि फळ्यावर हिस्टोग्राम काढायला घेतला. एका चिठ्ठीला एक चौकोन. सात ते आठ तासांवर चौकोनांचा मनोरा झाला. डावीकडे, पार कडेला, तीन ते चार तासांवर एकच चौकोन पडला.

"हा वॉचमन दिसतोय कुणीतरी," मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला.

"नुसती सरासरी काढली असती, तर हा तुम्हाला दिसलाही नसता," मॅडम हातांवरची खडूची पूड झटकत म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या. एरवी तासाला त्या कधी बसत नसत. "ती चिठ्ठी माझी आहे. सासूबाईंना आता काही आठवत नाही. रात्री उठून कडी काढतात, माहेरी जायचं म्हणतात. मी दाराशीच गादी टाकते."

तास संपला, वर्ग रिकामा झाला. मॅडमनी डस्टर उचललं, पण फळा पुसायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं.

वृषाली तेवढी मागे राहिली होती. वर्गात सहसा तोंड न उघडणारी मुलगी. ती फळ्यापाशी आली. मनोऱ्यातला सगळ्यात वरचा चौकोन तिनं बोटानं पुसला, आणि खडू घेऊन पार डावीकडे, मॅडमच्या चौकोनावर, दुसरा चौकोन काढला.

"मी खोटं लिहिलं होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे बाबा उठतात."