पिण्याची योग्य वेळ

“तीन वर्षं थांबा,” दातांच्या डॉक्टरांनी मुलीला सांगितलं. “बाटली अजून तयार नाही.”

मुलगी लग्नाची तारीख ठरवायला आली होती. तिला वाटलं, बाबा थट्टा करताहेत. पण डॉक्टरांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. वाइन जमवणाऱ्यांच्या एका साइटवर त्यांची एकूण एक बाटली नोंदलेली होती. कपाटातली कुठली फळी, फळीवरची कुठली खाच, आणि प्यायची कधी. मुलगी जन्मली त्या वर्षीची ती लाल वाइन त्यांनी मोठ्या हौसेनं घेतली होती. ‘तुझ्या लग्नात उघडू’ असं म्हणत दर वाढदिवसाला ते तिला ती उजेडात धरून दाखवत. अशाच एका वाढदिवशी, चार वर्षांची असताना, तिनं लेबलाच्या कोपऱ्यात निळ्या खडूनं मांजर काढलं होतं. पुढे साइटवरच्या जाणकारांनी सांगितलं, की या मांजरापायी बाटलीची पत गेली. त्याचं दुःख डॉक्टरांना अजून होतं. आता त्याच जाणकारांचं एकमत होतं, की ही वाइन पिण्यालायक व्हायला आणखी तीन वर्षं लागतील.

“मला ती बाटली हवीय बाबा, आणि तुम्ही हवे आहात,” मुलगी म्हणाली. “ती लागते कशी, याच्याशी मला काही घेणंदेणं नाही.”

“तिथंच तर चुकतं तुमचं. घाई केलीत तर मी लग्नाला येणार नाही.”

मुलगी उठून आत आईकडे गेली. डॉक्टरांनी ती संमती धरली आणि लगोलग साइटवर जाहीर केलं : वाइनसाठी मुलीचं लग्न पुढे ढकललंय. ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं अशा शेकडो लोकांनी त्यांची पाठ थोपटली. साइटवर ते ‘धीरगंभीर’ या नावानं लिहीत. नाव सार्थ केलंत, असं एकानं कळवलं. डॉक्टरांनी ते बायकोला वाचून दाखवलं.

बायकोनं ऐकून घेतलं. तिला सवय होती. साइटनं एखाद्या बाटलीवर ‘वेळ टळली’ असा लाल शेरा मारला, की डॉक्टर ती बाटली उदार मनानं तिच्यापुढे ठेवत. ती एक घोट घेई, तोंड वाकडं करी आणि उरलेली मोरीत ओतून देई. चांगल्या बाटल्यांची वेळ अजून यायची असे. सगळा संसार झाला, पण तिची आणि चांगल्या वाइनची गाठ काही पडली नाही.

महिन्याभरानं एका दुपारी मायलेकी नटूनथटून निघाल्या. बायकोच्या खांद्याला मोठी पिशवी होती.

“अहो, आम्ही निघालो. येताय का?” तिनं दारातून विचारलं.

“आज नको,” डॉक्टर लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाले. कुठे, हे विचारायचं राहूनच गेलं.

ऊन उतरल्यावर साइटवर त्यांच्या त्या लाडक्या वाइनखाली एका नव्या सदस्याचा अभिप्राय झळकला. ‘आजच उघडली. बागेतल्या बाकावर बसून, कागदी पेल्यांतून प्यायलो. जराशी आंबट आहे, पण आम्ही खूप हसलो. पाच तारे.’ सोबत बाटलीचा फोटो होता. खाली ‘अधिक वाचा’ असं लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी अधिक वाचलं नाही. कागदी पेले म्हटल्यावरच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते उत्तर लिहायला बसले. ‘गाढवाला गुळाची चव काय’ अशी सुरुवात केली. मग वाटलं, आपल्या नावाला हे शोभत नाही, खोडलं. मग वाटलं, शोभतं, पुन्हा लिहिलं. ‘अडाणी’ काढून ‘अपरिपक्व’ घातलं. ज्यांना तीन वर्षं दम धरवत नाही त्यांनी सरबत प्यावं, हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की ते स्वतःशीच मोठ्यानं वाचून पाहिलं. मध्येच अक्षरं नीट दिसेनात, म्हणून उठून टेबलावरचा दिवा लावला. शेवटी आणखी चुका काढायला त्यांनी फोटो मोठा केला आणि लिहिलं, ‘लेबलाचीही निगा राखलेली नाही. कोपऱ्यात कुणा कार्ट्यानं निळ्या खडूनं मांजर’

इथं बोटं थांबली.

कुणीही उठून कपाट उघडून पाहिलं असतं. डॉक्टरांनी साइट पाहिली. तिथं बाटली आपल्या फळीवर, आपल्या खाचेत सुखरूप होती. पिण्याची वेळ : तीन वर्षांनी. मग त्यांनी ‘अधिक वाचा’ दाबलं.

‘बाबा, लग्नाच्या सह्या झाल्या. आपल्या घरामागच्या बागेतच बसलोय. तुम्ही दुसरं कुठलं पत्र वाचणार नाही, म्हणून इथं लिहिते. एक पेला तुमच्यासाठी झाकून ठेवलाय. दिवे लागेपर्यंत वाट पाहू. उघडलेली वाइन थांबत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. नाही आलात तर तो आई पिणार आहे.’

डॉक्टर धडपडत उठले. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे केव्हाच लागले होते. त्यांनी एका पायात चप्पल घातली, दुसरी टेबलाखाली सापडेना. कुणाची क्षमा आधी मागायची ते कळत नव्हतं. तेवढ्यात लॅपटॉप टिंग वाजला. त्यांनी चप्पल सोडून आधी तिकडे पाहिलं.

त्याच वाइनखाली आणखी एक अभिप्राय आला होता. सदस्य अगदी नवा, फोटोत बागेतला बाक आणि रिकामा कागदी पेला.

‘जन्मात पहिल्यांदाच वेळेवर मिळाली. पाच तारे.’