वेशीतली देवळी

फ्रेंच बाईंनी देवळीत हात घातला आणि बाळारामने थापी पाठीमागे लपवली.

वेस फ्रान्समधल्या एका लहानशा गावाची, सहाशे वर्षांपूर्वीची. सिनेमासाठी ती सौदीतल्या तबूकजवळच्या वाळवंटात उभी राहिली, तटबंदी-बुरुजांसकट, खऱ्या दगडात, चार महिन्यांत. बांधली गुहागरच्या बाळाराम मिस्त्रीने, फोटो बघून. घोटाळा फक्त उजव्या कोपऱ्याचा. प्रत्येक फोटोत त्या कोपऱ्यासमोर कुणा बेकरीवाल्याची व्हॅन उभी. व्हॅनमागे काय आहे ते कंपनीला ठाऊक नव्हतं, नकाशालाही नव्हतं. बाळारामच्या हाताला मात्र ठाऊक होतं. पणतीला देवळी नाही, असं दार त्याने जन्मात बांधलं नव्हतं.

फोरमन इसहाकच्या ही देवळी काल लक्षात आली. तोवर चुना पक्का झाला होता.

"फ्रेंच लोक इथे पणती लावायचे होय रे?"

"काहीतरी लावत असतीलच की, इसहाकभाई. अंधार त्यांच्याकडेही पडतो."

बाई त्याच गावच्या. मूळ वेशीची देखभाल त्यांच्याकडे, म्हणून नकलेवरही शेवटची सही त्यांची. सही अडली की कोपरा पाडायचा, पुन्हा बांधायचा आणि रजा खलास. बाळारामचं परवाचं तिकीट होतं. शिमग्याची पालखी दारात यायची, बायको ओटी भरायची आणि हा कॅम्पमधल्या खाटेवरून व्हिडिओ कॉलवर हात जोडायचा. असे चार शिमगे झाले होते.

बाईंनी देवळीची खोली वितीने मोजली. पुन्हा मोजली. मग डोळ्यांना रुमाल लावला. इसहाकने कपाळाला हात लावला.

"हे कोणी केलं?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

बाळाराम पुढे झाला. "मी. इसहाकभाई, सांगा त्यांना, चूक माझी. ही आमच्या कोकणातली आहे, त्यांची नाही. जेवणाच्या सुट्टीत बुजवून टाकतो."

इसहाक बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, तो म्हणतो, पद्धत फार जुनी आहे."

बाईंनी मान डोलावली. मग बोलल्या. मूळ वेस जानेवारीच्या पावसात कोसळली होती. व्हॅनमागे नुसतं सिमेंट होतं, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी थापलेलं. त्याखाली देवळी होती की नुसती भिंत, यावरून गावातल्या दोन इतिहासकारांचं बोलणं बंद होतं. आता निकाल लागला. बाईंनी सही केली.

"पास!" इसहाक ओरडला. बाळारामला तिथेच ढोल ऐकू यायला लागले.

बाई आणखी काहीतरी बोलल्या. इसहाकचं तोंड उतरलं.

"काय म्हणतात?"

"आता मूळ वेस हीच. हिच्यावरून तिकडची बांधणार. पुढच्या आठवड्यात माणसं मापं घ्यायला येतायत, मिस्त्री जागेवर पाहिजे. तुझी रजा थांबवायला कंपनीला सांगतायत."

"मग आता तरी खरं सांगा की, भाई!"

इसहाकने सांगितलं. गुहागर, पणती, व्हॅन, सगळं. काही गाळलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि बाळारामचा चुन्याने माखलेला हात दोन्ही हातांत धरला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, एवढा अभ्यास करून श्रेय नाकारतोय. असा माणूस आठवड्यात सोडायचा नाही, महिनाभर ठेवून घ्या."